चौथी तार

विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये पॅनेल व्यवस्थित चालत होतं. मित्राने ते स्वतः पाहिलं होतं. मेनची चावी फिरवली, दिवा लागला, कंट्रोलरचे लाल आकडे उजळले, पंपाने पाणी ओढलं, पातेल्यातलं पाणी तापायला लागलं. पैसे देऊन त्याने ते गाडीत घातलं आणि अर्धं मिशिगन पार करून घरी आणलं. इथे मात्र चावी फिरवली की दिवा लागायच्या आत भिंतीवरचा ब्रेकर उडायचा.

"दादा, वाटेत हादरे बसून आत काहीतरी सुटलं असणार," तो फोनवर म्हणाला. "जरा बघायला याल का?"

मी डेट्रॉईटच्या परिसरात मोटार कारखान्यांच्या लाइनसाठी कंट्रोल पॅनेल बनवण्याच्या कामात आहे. त्याआधी भोसरीत हेच काम करत होतो. पण कुणी आपल्या गॅरेजमध्ये, आपल्या हौसेसाठी बनवलेलं पॅनेल मी तोवर उघडलं नव्हतं, आणि मला ते उघडायची उत्सुकता होती.

घरी बिअर बनवायच्या या हौसेबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली, पण घरी बिअर बनवायला केंद्राची परवानगी मिळायला १९७८ साल उजाडलं. अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन बिअर बनवता येते, विकता मात्र येत नाही. राज्यांचे कायदे वेगळे. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ साली परवानगी दिली. मिशिगनमध्ये हा छंद चांगलाच मुरलेला आहे. कॅलामझूची बेल्स ब्रुअरी आज देशभर माहीत आहे, ती १९८३ साली घरगुती बिअरचं सामान विकणारं दुकान म्हणून सुरू झाली होती. पूर्वी हे लोक प्रोपेनच्या शेगडीवर पातेली चढवायचे. इथल्या हिवाळ्यात उघड्यावर तीन-चार तास उभं राहणं नको वाटतं, आणि गॅरेजचं दार लावून प्रोपेन जाळणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. म्हणून बरेच जण विजेकडे वळले. तयार पॅनेल महाग पडतं, तेव्हा ज्याचा हात चालतो तो स्वतः बनवतो.

मित्राच्या पॅनेलवर दोन पातेल्यांचे दोन एलिमेंट होते, प्रत्येकी ५५०० वॉटचे. पाण्याच्या गिझरमध्ये असतात तेच हे एलिमेंट. २४० व्होल्टवर एक एलिमेंट जवळपास २३ अँपिअर ओढतो. ३० अँपिअरच्या ब्रेकरवर सतत चालणारा भार २४ अँपिअरच्या वर नेऊ नये असा इथला नियम आहे, त्यामुळे एका वेळी एकच एलिमेंट चालवता येतो. त्यासाठी दारावर सिलेक्टर स्विच होता. प्रत्येक एलिमेंटला तापमान सांभाळणारा एक पीआयडी कंट्रोलर, त्याच्या हुकमावर उघडझाक करणारा एक एसएसआर (सॉलिड स्टेट रिले), दोन पंपांचे स्विच, एक दिवा आणि कोपऱ्यात लाल मशरूम बटण, म्हणजे इमर्जन्सी स्टॉप.

दार उघडलं आणि बनवणाऱ्याबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं. भोकं स्वच्छ पाडलेली, कडा कानशीने घासलेल्या, लग्ज नीट क्रिम्प केलेले, एसएसआरचे हीट सिंक पेटीच्या बाहेर काढलेले. एकेक तार धरून ओढून पाहिली. एकही हलली नाही. हादऱ्यांनी काही सुटलं असेल ही शक्यता तिथेच संपली. पण सगळ्या तारा काळ्या होत्या, एकाच रिळातून कापलेल्या. एकाही तारेवर फेरूल नाही. आणि दाराच्या आत, खिशात, तळाशी, कुठेही ड्रॉइंग नाही.

भोसरीत माझे फोरमन ड्रॉइंगशिवाय पॅनेलला हात लावू देत नसत. तारेच्या दोन्ही टोकांना नंबराचा फेरूल चढल्याशिवाय ती टर्मिनलमध्ये जायची नाही, आणि दाराच्या खिशात ड्रॉइंग ठेवल्याशिवाय पॅनेल गेटबाहेर जायचं नाही. ते म्हणायचे की पॅनेल बंद पडेल तेव्हा आपण तिथे नसू, दुसराच कुणी असेल, त्याच्यासाठी हे सगळं. घरी पॅनेल बनवणाऱ्याला याची गरज वाटत नाही, कारण बंद पडलं तर उघडणारा तोच असतो. कुठली तार कुठे जाते ते त्याला पाठ असतं. पॅनेल विकलं जातं त्या दिवशी ही पाठ असलेली गोष्ट त्याच्याकडेच राहते, आणि घेणाऱ्याच्या हाती काळ्या तारांची पेटी येते.

"ब्रेकर बदलून बघूया का?" मित्राने विचारलं. "कदाचित तोच खराब असेल."

मी म्हटलं, "आधी ड्रॉइंग काढू. तोवर प्लग भिंतीत घालायचा नाही."

त्याने टॉर्च धरला, मी मल्टिमीटर कंटिन्युटीवर लावला. एक टोक धरायचं, दुसरं शोधायचं, बीप आला की दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर तोच नंबर लिहायचा, मग कागदावर रेघ मारायची. हे काम मला मनापासून आवडतं. समोरच्या माणसाने काय विचार केला होता ते हळूहळू उलगडत जातं, आणि त्याचा विचार कुठे थांबला तेही कळतं.

इथे विजेचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची एक फेज आणि एक न्यूट्रल येते. अमेरिकन घरात दोन जिवंत तारा येतात. प्रत्येकीत आणि न्यूट्रलमध्ये १२० व्होल्ट असतात, दोघींच्या मध्ये २४०. हीटरला दोन्ही जिवंत तारा पुरतात, न्यूट्रल लागत नाही. पण पंप आणि दिवा १२० व्होल्टचे असतील तर न्यूट्रल हवीच. शिवाय पेटीच्या आणि पातेल्यांच्या धातूसाठी अर्थिंग, इथल्या भाषेत ग्राउंड. म्हणजे अशा पॅनेलला चार तारा लागतात. या पॅनेलमध्ये केबल आत येत होती ती करड्या रंगाची, चपटी, तीन तारांची. कपडे वाळवायच्या ड्रायरला असते ती.

कडेच्या दोन तारा जिवंत होत्या. मधली एका पितळी पट्टीवर आली होती. त्या पट्टीवरून एक तार पेटीच्या अंगाला गेली होती आणि दोन पातेल्यांच्या बुडांना. त्याच पट्टीवर दोन्ही पंपांच्या आणि दिव्याच्या परतीच्या तारा येऊन बसल्या होत्या. अर्थिंग आणि न्यूट्रल एकाच पट्टीवर, एकाच तारेच्या भरवशावर.

मित्राच्या गॅरेजमध्ये इलेक्ट्रिशियनने नियमाप्रमाणे चार तारांचं आउटलेट बसवलं होतं, आणि त्याच्या मागे जीएफसीआय ब्रेकर. आपल्याकडच्या आरसीसीबीचंच हे काम: गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ताडून बघायचा, फरक दिसला की तोडायचं. घरगुती आरसीसीबी आपल्याकडे बहुधा ३० मिलिअँपिअरला पडतो, इथला हा जीएफसीआय ५ मिलिअँपिअरच्या आसपास. मित्राने जुना प्लग काढून चार पिनांचा लावला तेव्हा मधली तार पेटीच्या अंगाला जोडलेली त्याला दिसली, म्हणून त्याने ती ग्राउंडच्या पिनेला जोडली. त्याचा तर्क चुकीचा नव्हता. पण त्यामुळे दिव्याचा प्रवाह न्यूट्रलऐवजी ग्राउंडमधून परत जायला लागला. छोटा एलईडी दिवा, वीसेक मिलिअँपिअर. जीएफसीआयला तेवढं भरपूर झालं. ब्रेकर खराब नव्हता. त्याचं काम तो अचूक करत होता.

मग विकणाऱ्याकडे हे कसं चाललं? मित्राने त्याच्याकडून आउटलेटचा फोटो मागवला. वर दोन तिरक्या फटी, खाली इंग्रजी एलच्या आकाराची फट. जुन्या घरांतलं ड्रायरचं आउटलेट: दोन जिवंत तारा आणि न्यूट्रल, ग्राउंड नाहीच. ही सवलत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबं वाचवण्यासाठी दिलेली, ती पुढे कित्येक दशकं राहिली. राष्ट्रीय विद्युत संहितेच्या १९९६ च्या आवृत्तीपासून नव्या जोडण्यांना चार तारा सक्तीच्या झाल्या, पण जुन्या घरांतली आउटलेट तशीच आहेत. त्या घरात मधली तार न्यूट्रल होती, म्हणून पंप फिरले आणि दिवा लागला. जीएफसीआय नव्हता, म्हणून काही उडलं नाही.

मित्राने ड्रॉइंगकडे बघितलं आणि लगेच म्हणाला, "मग ही मधली तार ग्राउंडवरून काढून न्यूट्रलच्या पिनेला लावली की झालं ना? दोन मिनिटांचं काम."

खरंच झालं असतं. ब्रेकर टिकला असता, सगळं चाललं असतं, आणि त्या संध्याकाळीच त्याने बिअर चढवली असती. या दुरुस्तीत मला सगळ्यात जास्त बोलावं लागलं ते इथे. तसं केलं तर पेटीचं अंग आणि दोन्ही स्टीलची पातेली न्यूट्रलला जोडलेली राहतात. न्यूट्रल ही प्रवाह वाहणारी तार आहे. तिचा एखादा जोड, प्लगमधला, आउटलेटमधला, कुठलाही, सैल होऊन सुटला की पंपातून आणि दिव्यातून आलेले १२० व्होल्ट परत जायला वाट शोधतात आणि पातेल्याच्या अंगावर येऊन थांबतात. ओल्या काँक्रीटवर उभा राहून लांब चमच्याने माल्ट ढवळणारा माणूस ती वाट पुरी करतो. मित्राच्या घरी जीएफसीआय तेव्हा त्याला वाचवण्याची शक्यता होती. विकणाऱ्याच्या घरी वाचवणारं काहीच नव्हतं, आणि त्याने हे पॅनेल तसं वर्षानुवर्षं वापरलं होतं. पॅनेल वाटेत बिघडलंच नव्हतं. ते पहिल्यापासून असंच होतं. नव्या घरातल्या ब्रेकरने ते पहिल्यांदा पकडलं.

मित्र गप्प झाला. मग म्हणाला, "बरं, पुढच्या तारा बघू."

पुढच्या तारांमध्ये लाल बटण निघालं, आणि त्याने मला हादरवलं. इमर्जन्सी स्टॉपची तार मी मेन सर्किटमध्ये शोधत होतो, ती तिथे नव्हतीच. एका जिवंत तारेवरून एक बारीक तार बटणाकडे जात होती, तिथून अॅल्युमिनियमच्या कवचातल्या एका रेझिस्टरला, आणि तिथून त्याच पितळी पट्टीला. बटण दाबलं की संपर्क तुटत नव्हता, जुळत होता. रेझिस्टर २२०० ओहमचा. मी तार पुन्हा तपासली, कारण पहिल्यांदा पटेना.

मग उलगडा झाला. घरगुती बिअरवाल्यांच्या अनेक ड्रॉइंगमध्ये ही युक्ती असते. बटण दाबलं की जिवंत तारेतून रेझिस्टरमार्गे मुद्दाम थोडा प्रवाह ग्राउंडला सोडायचा. १२० भागिले २२००, म्हणजे सुमारे ५५ मिलिअँपिअर. भिंतीवरच्या जीएफसीआयला तो फरक दिसतो आणि तो सगळं पॅनेल तोडतो. एक रेझिस्टर लावला की मेन सर्किट तोडणारा महाग कॉन्टॅक्टर वाचतो. बनवणाऱ्याने ही युक्ती घेतली, पण ती जिच्यावर उभी आहे तो जीएफसीआय त्याच्याकडे नव्हता. त्याच्या गॅरेजमध्ये ते लाल बटण दाबलं असतं तर आत एक रेझिस्टर कोमट झाला असता. बाकी सगळं चालूच राहिलं असतं. त्याने इतकी वर्षं ते संकटात दाबलं नाही, हे त्याचं नशीब.

ही युक्ती मला जीएफसीआय असतानाही मान्य नाही, आणि ते मी मित्राला स्पष्ट सांगितलं. कारखान्यात आम्ही थांबवायचं बटण नेहमी तोडणारं ठेवतो. दाबलं की सर्किट तुटतं. तार उंदराने कुरतडली किंवा स्क्रू सैल झाला तरीही तुटतं, आणि मशीन थांबतं. बिघाड झाला तर तो थांबण्याच्या बाजूला व्हावा, असा तो विचार आहे. इथे नेमकं उलट होतं. बटणाची तार सुटली तर कुणाला कळणारही नाही. बटण बाहेरून तसंच लाल दिसत राहील. शिवाय जीएफसीआय हा माणसाला वाचवायला बसवलेला असतो. त्याला रोजच्या स्विचचं काम देऊ नये.

तिसरी गोष्टही याच्याशीच निगडित होती. एलिमेंट तोडण्याचं काम एकट्या एसएसआरकडे होतं, आणि तोही दोन जिवंत तारांपैकी एकीवरच. आपल्या सवयीने हे चालेलसं वाटतं, कारण आपल्याकडे फेज तोडली की पुढे न्यूट्रलच उरते. इथे एक तार तोडली तरी दुसरी जिवंतच असते. एलिमेंटच्या टर्मिनलवर आणि ग्राउंडमध्ये १२० व्होल्ट कायम. त्यात एसएसआर बंद असतानाही काही मिलिअँपिअर गळू देतो, आणि खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन खराब होतो. कंट्रोलर आउटपुट बंद दाखवतो आणि एलिमेंट तापतच राहतो. पातेलं रिकामं असेल तर कोरडा तापून जळतो. स्वस्त बनावट एसएसआर बाजारात भरपूर आहेत, वर छापलेले अँपिअर खरे मानू नयेत.

सामान आल्यावर दुरुस्ती सरळ होती. १० गेजची चार तारांची केबल. न्यूट्रलला अंगापासून वेगळी, इन्सुलेटरवर बसवलेली पट्टी. ग्राउंडला स्वतःची पट्टी, पेटीच्या पत्र्याला रंग खरवडून घट्ट आवळलेली, आणि दाराला वेणीची तार. प्रत्येक एलिमेंटच्या आधी दोन पोलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे दोन्ही जिवंत तारा एकदम तुटतील. त्याच्या कॉइलच्या सर्किटमध्ये लाल बटण, आता तोडणाऱ्या संपर्कावर. कंट्रोलर आणि दिव्याच्या बारीक तारांवर आधी संरक्षण होतं ते फक्त ३० अँपिअरच्या ब्रेकरचं. ती तार ब्रेकरच्या आधी जळाली असती, म्हणून तिला छोटे फ्यूज दिले. न्यूट्रल पांढरी, ग्राउंड हिरवी, दोन जिवंत तारा काळी आणि लाल. भोसरीत मी काळी तार न्यूट्रलसाठी वापरत आलो होतो, इथे ती जिवंत असते. अशा ठिकाणी रंग पाळणं ही नुसती शिस्त नाही. आणि अर्थात, प्रत्येक टोकाला फेरूल. नंबर मित्राने स्वतः ओवले.

चालू करण्याआधी दोन्ही एलिमेंट सोडवून मोजले. २४० व्होल्टवर ५५०० वॉट म्हणजे साडेदहा ओहम यायला हवेत, तसे आले. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, अंगाशी गळतीही नव्हती. मग पहिल्यांदा प्लग घातला आणि चावी फिरवली. दिवा लागला, ब्रेकर टिकला. पातेल्यात ३८ लिटर पाणी होतं, वीस अंशांचं. ते ६७ अंशांवर न्यायला ५५०० वॉटला गणिताने २३ मिनिटं लागतात. पातेलं आणि हवा आपापला वाटा घेतातच, त्यामुळे थोडी जास्त लागली. क्लॅम्प मीटरवर प्रवाह हिशेबाप्रमाणे. मध्येच मी मित्राला लाल बटण दाबायला सांगितलं. कॉन्टॅक्टर टक्कन पडला, क्लॅम्प मीटर शून्यावर आला, भिंतीवरचा ब्रेकर जागचा हलला नाही.

तापमानाचा एक प्रश्न उरला होता, तो लहान असला तरी बिअरसाठी महत्त्वाचा. माल्टमधल्या पिष्टाची साखर होते ती एन्झाइममुळे, आणि ६४ अंशांवर भिजवलेल्या माल्टची बिअर हलकी, कोरडी होते, ६८ वर अंगाने भरीव. म्हणजे दोन-तीन अंशांचा फरक चवीत उतरतो. बर्फाच्या पाण्यात तापमानाचा प्रोब धरला तर कंट्रोलर शून्याऐवजी वेगळंच दाखवत होता, आणि वायर हलवली की आकडा बदलत होता. प्रोब पीटी १००, तीन तारांचा. त्यातली तिसरी तार असते ती वायरचा स्वतःचा रोध वजा करण्यासाठी. एका अंशाला फक्त ०.३८५ ओहमचा फरक पडतो, तेव्हा सोल्डरच्या सैल डागाचा अर्धा ओहमसुद्धा सव्वा अंश खातो. कनेक्टरमधला तिसऱ्या तारेचा डाग तुटला होता. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बनवणाऱ्याने ती चूक झाकायला ऑफसेट भरून ठेवला होता. डाग नव्याने दिला, ऑफसेट शून्य केला, बर्फात शून्य आणि उकळीला शंभराच्या अगदी जवळ आकडा आला. ड्रॉइंगवर कोपऱ्यात मी लिहिलं: ऑफसेट शून्य, बदलू नये, आधी कनेक्टर तपासा.

विकणाऱ्याला कळवायचं की नाही यावर मित्र अडखळला. त्या माणसाने काही लपवलं नव्हतं, त्याला दुखावल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, त्याच्या घरात ते आउटलेट अजून आहे, आणि हे पॅनेल विकलं म्हणजे तो दुसरं बनवत असणार. तसंच होतं. तो मोठं पॅनेल बनवत होता, याच धर्तीवर, त्याच तीन तारांच्या केबलवर. फोनवर त्याने आधी शांतपणे ऐकून घेतलं, मग नेमके प्रश्न विचारले, आणि शेवटी ड्रॉइंग मागितलं. आम्ही त्याला पाठवलं. गॅरेजपर्यंत चार तारांची केबल आणि जीएफसीआय ब्रेकर त्याने इलेक्ट्रिशियनकडून टाकून घेतला.

लाल बटणाबद्दल मात्र आमचं जुळलं नाही. आता जीएफसीआय आहे, तेव्हा रेझिस्टरची युक्ती चालते, असं त्याचं म्हणणं. बटण दाबून ब्रेकर पडतो ते त्याने व्हिडिओ करून मित्राला पाठवलं. मी विचारलं, ती तार सुटली तर कसं कळेल? दर वेळी पाणी चढवण्याआधी बटण दाबून बघेन, असं त्याने कबूल केलं आहे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं सर्किट मी त्याला वेगळ्या कागदावर, नंबरांसकट काढून दिलं आहे. त्याच्या नव्या पेटीत कॉन्टॅक्टर बसेल एवढी जागा आहे, तेही मी मापं विचारून पाहिलं.